रिस्टार्टला चालतंय, सकाळी बंद: जुन्या मशीनवर एक्सपी टाकायचा अनुभव

आजच्या काळात विंडोज एक्सपी कोण टाकतं असं कोणी विचारलं तर उत्तर एकच, ज्याच्याकडे जुनं हार्डवेअर आहे तो. माझ्याकडे निगेटिव्ह स्कॅन करायचा एक स्कॅनर आहे, तो पीसीआय कार्डावर (मशीन उघडून आतल्या स्लॉटमध्ये लावायचं कार्ड) चालतो आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, एक्सपीच्या पुढे कधी आलाच नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने बनवलेल्या नकली मशीनमध्ये) टाक की, असं सगळेच सांगतात, पण व्हर्च्युअल मशीनला आपण जे दाखवू तेच दिसतं आणि असलं जुनं पीसीआय कार्ड आत पोचवणं साध्या मशीनवर होत नाही, त्यामुळे खरं मशीन, खरा स्लॉट आणि खरी सीडी याला इलाज नव्हता.

एक्सपी आली २५ ऑक्टोबर २००१ ला आणि तिचा सपोर्ट संपला ८ एप्रिल २०१४ ला. माझा डेस्कटॉप या दोन तारखांच्या मधला. साटा डिस्क (जुन्या आयडीईनंतर आलेल्या जोडणीची), ड्युअल कोअर प्रोसेसर, दोन पट्ट्या मिळून एक जीबी रॅम. एक्सपीची किमान मागणी ६४ एमबी रॅम, त्यामुळे ही तर चैनच झाली असं वाटत होतं. पण माझ्या मते अगदी जुन्या मशीनपेक्षा हे मधल्या काळातलं मशीनच जास्त छळतं, कारण मशीनला ज्या गोष्टी येतात त्या सीडीला माहीतच नसतात. माझी सीडी सर्व्हिस पॅक २ (एक्सपीच्या सुधारणांचा दुसरा गठ्ठा) ची म्हणजे २००४ ची, हे त्यातल्या त्यात बरं, कारण अगदी पहिल्या २००१ च्या सीडीला १३७ जीबीच्या पुढची डिस्क धड कळतच नाही.

सीडी टाकली, बूट झाली, वर पांढऱ्या अक्षरात 'सेटअप इज इन्स्पेक्टिंग युअर कॉम्प्युटर्स हार्डवेअर कॉन्फिगरेशन' ही ओळ आली आणि मग काळी स्क्रीन. एरर नाही, आवाज नाही, काही नाही. सीडी ड्राइव्हचा दिवा पण थांबला. अशा वेळी लोक पहिला संशय सीडीवर घेतात आणि दुसरी सीडी शोधत बसतात, मी त्याऐवजी मशीन बंद करून हार्ड डिस्कची डेटा केबल काढली आणि डिस्क नसतानाच सीडी बूट केली, तर सेटअपची नेहमीची निळी स्क्रीन सरळ आली आणि खाली ड्रायव्हर लोड होताना दिसायला लागले. म्हणजे सीडी बरी, ड्राइव्ह बरा, अडतंय ते डिस्क बघितल्यावर. ही एक केबल काढायची युक्ती मला अजूनही सगळ्यात स्वस्त टेस्ट वाटते.

डिस्क आधी एका नव्या मशीनमध्ये होती, त्यामुळे तिच्यावर जीपीटी या नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत याची यादी, होतं. ३२ बिट एक्सपीला जीपीटी कळत नाही, तिला जुन्या पद्धतीचं टेबल, एमबीआरच लागतं. मग पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न टाकता चालणारं) चालू करून डिस्कवरचं टेबल पूर्ण पुसलं. यात एक लक्षात ठेवायचं की जीपीटीची एक कॉपी डिस्कच्या सुरुवातीला असते आणि दुसरी अगदी शेवटी, नुसती पुढची पुसली तर मागची राहते आणि मग वेगवेगळे टूल वेगवेगळं काहीतरी दाखवतात. एमबीआर करून तिथेच एक पार्टिशन पण पाडून घेतलं, सेक्टर २०४८ पासून सुरू होणारं. एक्सपीचं सेटअप स्वतः पार्टिशन पाडतं तेव्हा ते सेक्टर ६३ पासून सुरू करतं, आणि ज्या डिस्कचे आतले सेक्टर ४०९६ बाइटचे असतात तिथे प्रत्येक लिखाण दोन सेक्टरवर अर्धं अर्धं पडून डिस्क विनाकारण रडत चालते. आधीच पाडलेलं पार्टिशन दिलं की सेटअप गुमान ते वापरतं.

केबल लावली, परत सीडी. आता काळी स्क्रीन गेली, पुढे गेलो, आणि 'सेटअप डिड नॉट फाइंड एनी हार्ड डिस्क ड्राइव्ज' आलं. एफ३ दाबा आणि बाहेर पडा, एवढाच पर्याय.

हे मात्र अपेक्षित होतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, साटा कंट्रोलर एएचसीआय या नव्या मोडवर होता. एएचसीआयचं १.० स्पेसिफिकेशनच २००४ चं, मग २००१ च्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे त्याचा ड्रायव्हर कुठून असणार. सेटअप सुरू होताना खाली 'प्रेस एफ६' म्हणून काही सेकंद ओळ येते ती यासाठीच, एफ६ दाबून कंट्रोलरचा ड्रायव्हर द्यायचा, पण तो फक्त फ्लॉपीवरून घेतला जातो, सीडी नाही, पेनड्राइव्ह नाही, ए ड्राइव्हच पाहिजे. फ्लॉपी ड्राइव्ह आता आणायचा कुठून. दुसरा मार्ग म्हणजे एनलाइट नावाच्या टूलने एएचसीआयचा ड्रायव्हर आणि सर्व्हिस पॅक ३ सीडीतच मिसळून नवी सीडी बनवायची, ते मी पूर्वी केलेलं आहे आणि चालतं, पण अगदी बरोबर कंट्रोलरचा बरोबर ड्रायव्हर निवडावा लागतो. तिसरा आणि सोपा मार्ग, बायोसमध्ये जाऊन साटा मोड आयडीई करायचा, म्हणजे साटा डिस्क जुन्या आयडीईसारखी दिसते आणि एक्सपीचा घरचा ड्रायव्हर पुरतो. तोटा असा की डिस्कला स्वतःच्या सोयीने कामांचा क्रम लावायची जी सोय असते ती मिळत नाही, पण फिरणारी डिस्क आणि स्कॅनिंगचं काम, फरक काय पडणार. आयडीई केलं. डिस्क दिसली. ही सेटिंग लक्षात ठेवा, पुढे हिच्यावरच सगळं येऊन अडलंय.

पार्टिशन निवडलं, फॉरमॅट करताना क्विकवालं न घेता पूर्ण एनटीएफएस फॉरमॅट घेतलं, वेळ लागतो पण खराब सेक्टर असतील तर तेव्हाच कळतात. मग फाइल कॉपी सुरू झाली आणि मध्येच 'सेटअप कॅनॉट कॉपी द फाइल'. एंटर दाबलं की परत प्रयत्न, एस्केप दाबलं की ती फाइल सोडून पुढे. एस्केप कधीच दाबू नका, ती सुटलेली फाइल पुढे कुठल्या वेळी उगवेल सांगता येत नाही. मी एंटर दाबलं तर ती फाइल गेली आणि थोडं पुढे दुसऱ्याच फाइलला अडकलं. परत पहिल्यापासून सुरू केलं तर तिसऱ्याच नावाला. इथे नाव काय आहे याला महत्त्व नाही, नाव बदलतंय का याला आहे. दर वेळी त्याच फाइलला अडत असेल तर सीडीवर त्या जागी ओरखडा आहे. दर वेळी नवी फाइल असेल तर सीडी बहुतेक निर्दोष, गडबड रॅम, केबल किंवा ड्राइव्हमध्ये. कारण सेटअप फाइल वाचतं, रॅममध्ये उलगडतं आणि मग डिस्कवर लिहितं, रॅममध्ये एक बिट जरी उलटा पडला तरी फाइल खराब म्हणून ओरडतं आणि दोष सीडीला देतं.

मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) लावला. फार थांबावं लागलं नाही, लाल ओळी पडायला लागल्या. दोन्ही पट्ट्या काढून एक एक लावून बघितली, एक दोन्ही स्लॉटमध्ये साफ चालली, दुसरी दोन्ही स्लॉटमध्ये लाल. कॉन्टॅक्ट खोडरबराने घासून पण बघितले, फरक नाही. स्लॉट बदलून बघणं गरजेचं असतं कारण कधी कधी पट्टी बरी असते आणि स्लॉटच गेलेला असतो. खराब पट्टी बाजूला, राहिली ५१२ एमबी, आणि त्यावर फाइल कॉपी एकदाही न थांबता पूर्ण झाली.

यानंतर मशीन स्वतः रिस्टार्ट होतं आणि परत 'प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी' येतं. या वेळी काही दाबायचं नाही! दाबलं की सेटअप पहिल्यापासून सुरू. कितीतरी लोक या गोल फेऱ्यात अडकून 'माझं इन्स्टॉलेशन संपतच नाही' म्हणत असतात.

मग रंगीत स्क्रीन, डाव्या बाजूला ३९ मिनिटं बाकी. ही मिनिटं मिनिटं नसतात हे एक्सपी टाकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ३४ वर 'इन्स्टॉलिंग डिव्हायसेस' आलं की हार्डवेअर ओळखायचं काम चालू होतं आणि बरीच मशीन नेमकी तिथेच मरतात. माझं पण तिथेच थांबलं. आता थांबलंय का हळू चाललंय हे ठरवायला उजवीकडे खाली जे छोटे हिरवे चौकोन पळत असतात त्यांच्याकडे बघायचं. ते पळत होते, म्हणजे पूर्ण हँग नाही. अशा वेळी शिफ्ट आणि एफ१० दाबलं की सेटअपच्या मध्येच काळी कमांड विंडो उघडते, हे फार लोकांना माहीत नसतं आणि मला स्वतःला ही एक्सपीतली सगळ्यात उपयोगी लपलेली गोष्ट वाटते. तिथून नोटपॅडने विंडोज फोल्डरमधली सेटअपएपीआय डॉट लॉग फाइल उघडली. शेवटच्या ओळी एका पीसीआय डिव्हाइसच्या, आणि त्यातला व्हेंडर कोड माझ्या स्कॅनर कार्डाचाच. मशीन बंद केलं, कार्ड उपसून काढलं, चालू केलं. सेटअप जिथे होतं तिथून स्वतःच पुढे गेलं, परत काही विचारलं नाही, आणि यथावकाश तो हिरवा डोंगर आणि निळं आकाश स्क्रीनवर आलं.

ड्रायव्हरचं फार लिहीत नाही, आधी चिपसेटचा म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपांचा, मग बाकीचे, एवढं पाळलं की पुरतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी प्रश्नचिन्हं असतील तर प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी बघायचा, त्यात व्हेंडरचा चार अक्षरी आणि डिव्हाइसचा चार अक्षरी कोड असतो. व्हेंडर ८०८६ असेल तर तो इंटेल, आपल्याच जुन्या प्रोसेसरचा आकडा त्यांनी घेतलाय. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नसल्यामुळे नेट नाही आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, तेव्हा हे सगळं पेनड्राइव्हवर आधीच आणून ठेवा. सर्व्हिस पॅक ३ पण तसाच ऑफलाइन टाकला. संध्याकाळभर कितीही वेळा रिस्टार्ट केलं, सगळं झकास.

सकाळी मशीन चालू केलं. एक्सपीचा लोगो, अर्धा क्षण निळं काहीतरी चमकलं, रिस्टार्ट. परत लोगो, परत चमक, परत रिस्टार्ट.

ती चमक म्हणजे निळी स्क्रीन, पण एक्सपी मुळात अशी सेट असते की क्रॅश झालं की लगेच रिस्टार्ट, वाचायला वेळच मिळत नाही. एफ८ दाबून जो मेनू येतो त्यात सर्व्हिस पॅक २ पासून 'डिसेबल ऑटोमॅटिक रिस्टार्ट' असा पर्याय आहे, तो घेतला आणि स्क्रीन थांबली. शेवटी ७बी असलेला कोड, म्हणजे बूट डिस्क सापडत नाही. सेफ मोड करून बघितला तर ड्रायव्हरच्या पांढऱ्या ओळी सरकत मप डॉट सिस वर थांबल्या आणि परत तेच ७बी. ती शेवटची ओळ बघून लोक मप डॉट सिस ला व्हिलन ठरवतात, ती फाइल बदला, डिलीट करा वगैरे सल्ले देतात. अरे, ती ओळ दिसतेय म्हणजे ती फाइल लोड झालीये, अडतंय ते तिच्या नंतर! बसमधून शेवटी उतरलेल्या माणसाला बस बंद पडल्याबद्दल धरण्यासारखं आहे ते.

संशय सहाजिकच आदल्या संध्याकाळी टाकलेल्या चिपसेट ड्रायव्हरवर आणि सर्व्हिस पॅकवर. एफ८ मेनूतलं 'लास्ट नोन गुड' (शेवटची नीट चाललेली सेटिंग परत आणायचा पर्याय) घेतलं, काही नाही. मग सीडी टाकून रिकव्हरी कन्सोलसाठी (सीडीवरून चालणारी दुरुस्तीची कमांड स्क्रीन) आर दाबायचं ठरवलं, म्हटलं चेकडिस्क चालवू, गरज पडली तर फिक्सबूट, फिक्सएमबीआर. तर सीडी म्हणाली, हार्ड डिस्कच सापडली नाही.

इथे सगळं चित्र पालटलं. डिस्कवरची विंडोज बिघडली असती तर सीडीला डिस्क तरी दिसायला हवी होती, सीडीला माझ्या सर्व्हिस पॅकशी काय देणंघेणं. दोघांनाही दिसत नाही म्हणजे भानगड विंडोजच्या खाली आहे. बायोसमध्ये गेलो. साटा मोड परत एएचसीआय. आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे, जानेवारीच्या एक तारखेला.

सेल संपलेला. बोर्डावरचा तो गोल सीआर२०३२, तीन व्होल्टचा. मल्टीमीटर लावला तर अडीच व्होल्टसुद्धा भरेना. सेल गेला की बायोस आपल्या मूळ सेटिंगवर जातं, या बोर्डाची मूळ सेटिंग एएचसीआय, आणि आयडीई मोडमध्ये टाकलेल्या एक्सपीला एएचसीआय कंट्रोलर समोर आला की ती ७बी देऊन मरते. मग संध्याकाळभर कसं चालत होतं? कारण एसएमपीएसला (मशीनच्या पॉवर सप्लायला) वीज चालू असेपर्यंत मशीन शटडाउन केलेलं असलं तरी पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन जिवंत असते आणि बायोसची आठवण तिच्यावर टिकते. रिस्टार्ट करा, शटडाउन करून चालू करा, काही फरक नाही. रात्री भिंतीवरचं बटन बंद केलं की आठवण गेली. खात्री करायला मोड परत आयडीई केला, विंडोज सुरळीत आली, शटडाउन केलं, भिंतीवरचं बटन बंद करून चहाला जातो तेवढा वेळ थांबलो, चालू केलं, ७बी हजर. म्हणजे आदल्या संध्याकाळी मी जी काय टेस्टिंग केली तिने काहीच सिद्ध झालं नव्हतं, प्लग काढून थंड मशीन चालू करणं ही वेगळीच टेस्ट आहे आणि तीच बहुतेक लोक करत नाहीत.

बरं, सेल गेला असेल तर मशीन चालू होताना बोर्ड स्वतः सांगतं, सीएमओएस चेकसम एरर (बायोसची साठवलेली सेटिंग बिघडली) वगैरे. माझ्या बोर्डानेही सांगितलं असणार, पण त्यावर कंपनीचा भलामोठा लोगो येतो आणि त्याच्या मागे सगळे मेसेज झाकले जातात. बायोसमध्ये तो फुल स्क्रीन लोगो बंद केला आणि सेल न बदलता एकदा चालू केलं, तर मेसेज तिथे होताच. असला लोगो जुन्या मशीनवर पहिल्या दिवशीच बंद करावा असं माझं ठाम मत आहे, त्याचा कोणाला काय उपयोग?

सेल बदलला, तारीख लावली, आयडीई मोड, बूटचा क्रम, आणि यूएसबी कीबोर्डसाठी लेगसी सपोर्ट चालू, नाहीतर एफ८ दाबायला कीबोर्डच जागा नसतो. ७बी परत आली नाही.

मग एक किरकोळ पण चिडचिड करणारी गोष्ट राहिली. मशीन चालू व्हायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागायला लागला आणि साधी फाइल कॉपी केली तरी माउस अडखळायचा. हा व्हायरस नसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये बघितलं तर करंट ट्रान्सफर मोडसमोर पीआयओ. डिस्ककडून सहा वेळा टाइमआउट किंवा सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडल्याची खूण) आली की एक्सपी स्पीड एक पायरी खाली आणते, असं करत करत डीएमएवरून (यात डेटा प्रोसेसरला मध्ये न घेता हलतो) पीआयओवर येते, आणि पीआयओ म्हणजे डेटाचा प्रत्येक तुकडा प्रोसेसरने स्वतः उचलून ठेवायचा. वाईट म्हणजे एकदा खाली आली की आपणहून परत वर जात नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अटॅपीच्या (एक्सपीच्या आयडीई ड्रायव्हरच्या) लाल नोंदी होत्याच. डेटा केबल बदलली, डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनल अनइन्स्टॉल केला, रिस्टार्टला विंडोजने तो नव्याने ओळखला आणि अल्ट्रा डीएमए परत. आधी केबल, मग अनइन्स्टॉल, नाहीतर थोड्या दिवसांनी परत पीआयओ.

स्कॅनरचं कार्ड सगळ्यात शेवटी. त्याच्या मॅन्युअलमध्ये आधी सॉफ्टवेअर टाका मग कार्ड लावा असं लिहिलंय, तसंच केलं, स्लॉटही बदलला, आणि एक्सपीने मुकाट्याने ओळखलं. अ‍ॅक्टिव्हेशन मी मुद्दाम इथपर्यंत लांबवलं होतं, ३० दिवस मिळतात ते वापरावेत, कारण एक्सपी रॅम, डिस्क, नेटवर्क कार्ड, प्रोसेसर अशा गोष्टींवरून मशीनची ओळख बनवते आणि आधी अ‍ॅक्टिव्हेट करून मग पार्ट बदलत बसलं तर ती परत विचारते. झाल्यावर सिस्टिम३२ मधली डब्ल्यूपीए डॉट डीबीएल फाइल कॉपी करून ठेवली, नेटची केबल काढली आणि पूर्ण डिस्कची इमेज घेऊन ती दुसऱ्या डिस्कवर परत टाकून चालते का तेही बघितलं.

आता अडचण फक्त रॅमची. मोठ्या रिझोल्यूशनचा स्कॅन घेतला की ५१२ एमबी भरते आणि डिस्क खरडत बसते, त्यामुळे एका वेळी दोन फ्रेमच्या वर जात नाही. डीडीआर२ ची एक पट्टी शोधतोय, मिळाली की आधी मेमटेस्टला लावेन.